इंग्लंडमधील खेड्याचा मॅनर आणि त्यावरचे घराणे: शोध कोठून सुरू करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅम्पशायरमधील एका खेड्यात आपण जुने घर घेतले आणि वकिलाकडून मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात १८७१ सालची कोर्ट रोलची, म्हणजे मॅनरच्या कोर्टाच्या नोंदींची, एक नक्कल निघाली, जिच्यात मॅनरची मालकीण म्हणून एका विधवा बाईंचे नाव आहे. त्याच आडनावाच्या स्मृतिशिला गावच्या चर्चमध्येही आहेत. हे घराणे विल्यम विजेत्याबरोबर नॉर्मंडीहून आले असे एक छापील वंशावळ सांगते, आणि आपल्याला या घराण्याचा माग १०८६ पर्यंत, म्हणजे विल्यमने जमीनधारकांची नोंद करवलेल्या डूम्सडे पुस्तकापर्यंत, न्यायचा आहे. जाता जाता आपण हेही विचारले आहे की याच मॅनरची ‘लॉर्डशिप’ (मॅनरच्या मालकाचे पद) कोणी विकत देत असेल तर ती घ्यावी का.

गेली बावीस वर्षे मी दक्षिण इंग्लंडमधील दप्तरखान्यांत इतरांसाठी जुने कागद शोधून वाचण्याचे काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रश्नांत एकच गुंता असतो, तो आपल्याही प्रश्नात आहे. मॅनरचा इतिहास आणि घराण्याचा इतिहास हे एकच सूत्र आहे असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ती दोन सूत्रे आहेत. काही पिढ्या ती एकमेकांत गुंफलेली असतात, मग सुटतात, मग दुसऱ्याच कोणाच्या तरी आडनावाशी बांधली जातात. एका आडनावाचे बोट धरून मागे जाणारा माणूस बहुधा अठराव्या शतकातच चुकीच्या घरात शिरतो. म्हणून प्रथम जमिनीचा माग काढावा, आणि जमिनीने दाखवलेल्या प्रत्येक माणसाचे नाते नंतर स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावे.

मॅनर म्हणजे वाडा नव्हे, गाव नव्हे आणि चर्चचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला प्रदेश, तोही नव्हे. जमीन धारण करण्याचे आणि त्या जमिनीवरील कुळांवर न्यायसत्ता चालवण्याचे ते एक एकक होते. एका पॅरिशमध्ये तीन-चार मॅनर असू शकत, आणि एखादा मॅनर दोन-तीन पॅरिशांत विखुरलेला असे. आपल्याकडील मौजे, कसबा, इनाम या शब्दांची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण त्यांतला एकही शब्द येथे चपखल बसत नाही, आणि मी तरी असे भाषांतर करण्याचा मोह टाळते. १२९० च्या ‘क्विया एम्प्टोरीस’ कायद्याने जमिनीचे खालच्या पायरीवर पुन्हा अनुदान देण्याची पद्धत बंद झाली, त्यामुळे त्यानंतर खऱ्या अर्थाने नवा मॅनर निर्माण होऊ शकला नाही. तेव्हा आपला मॅनर जर खरा मॅनर असेल, तर तो १२९० च्या आधीचा असला पाहिजे. मात्र नंतरच्या काळात मोठ्या शेतवाड्यांनाही लोक हौसेने मॅनर म्हणू लागले, हे ध्यानात ठेवावे लागते.

आता आपल्या हातातील कागद. तो किती मोलाचा आहे हे आपल्या पत्रावरून आपल्याला जाणवलेले दिसत नाही. आपले घर ‘कॉपीहोल्ड’ होते, म्हणजे धारकाचा हक्क मॅनरच्या कोर्टाच्या नोंदीवर उभा होता आणि त्या नोंदीची नक्कल हाच त्याचा दस्त होता. घर विकायचे तर विकणारा ते स्टुअर्डमार्फत, म्हणजे मॅनरच्या कारभाऱ्यामार्फत, लॉर्डच्या हाती ‘सरेंडर’ करी, म्हणजे परत सोपवी, आणि मग ठरलेले शुल्क भरून नव्या धारकाला आत घेतले जाई. ही पद्धत १ जानेवारी १९२६ रोजी संपली. अशा नक्कलेत कोर्टाची तारीख, लॉर्ड किंवा लेडीचे नाव, स्टुअर्डचे नाव, आधीच्या धारकाचे नाव आणि बऱ्याचदा त्याला प्रवेश मिळाला त्या कोर्टाचीही तारीख असते. म्हणजे मागच्या कडीचा पत्ता त्या कागदातच लिहिलेला असतो. मालकीण विधवा असणे हाही एक दुवा आहे. माझ्या अनुभवात अशी बाई बहुतेक वेळा पतीच्या मृत्युपत्रामुळे किंवा विवाहाच्या वेळी केलेल्या करारनाम्यामुळे हयातीपुरतीच मालकीण असते, आणि तिच्यामागे मालमत्ता कोणाकडे जायची हे आधीच लिहून ठेवलेले असते. तेव्हा पहिले काम म्हणजे तिच्या पतीचे मृत्युपत्र शोधणे. त्याचे प्रोबेट (मृत्युपत्राला मिळालेली अधिकृत मान्यता) १२ जानेवारी १८५८ नंतरचे असेल तर ते सरकारी प्रोबेट नोंदणीत मिळेल. त्याआधीचे असेल आणि घराणे सधन असेल, तर ते कँटरबरीच्या प्रीरोगेटिव्ह कोर्टाच्या, म्हणजे आर्चबिशपच्या चर्च-न्यायालयाच्या, नोंदींत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर पाहण्यासाठी ठेवल्या आहेत.

यानंतर ‘मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर’ उघडावे. कॉपीहोल्ड रद्द झाल्यावर कुळांच्या हक्काचे हे पुरावे गहाळ होऊ नयेत म्हणून १९२० च्या दशकात ही नोंदवही सुरू झाली, आणि आज ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मॅनरच्या नावाने विनामूल्य पाहता येते. कोणत्या काळातील कोर्ट रोल, भाडेयाद्या, मोजणीपत्रके आणि नकाशे शिल्लक आहेत आणि ते कोठे ठेवले आहेत, एवढेच ती सांगते. त्यांत काय लिहिले आहे ते सांगत नाही. कागद आपल्याच काउंटीत असतील असेही नाही. लॉर्डची मुख्य वास्तू जेथे असेल तेथे, त्याच्या वकिलांच्या गावी किंवा एखाद्या ऑक्सफर्ड कॉलेजच्या तळघरात ते जाऊन पडलेले असतात. हॅम्पशायरच्या एका खेड्याचे रोल मला एकदा पार उत्तरेकडच्या दप्तरखान्यात सापडले, कारण तिथल्या घराण्याने लग्नातून हा मॅनर मिळवला होता आणि गावाचे तोंडही न पाहता शंभर वर्षे भाडे घेतले होते.

येथेच परिस्थितीचा भाग येतो. आपला मॅनर मध्ययुगात एखाद्या बिशपचा, मठाचा किंवा कॉलेजचा असेल, तर कागद विपुल मिळतील पण वंशावळ मिळणार नाही, कारण संस्था मरत नाही आणि तिला वारस नसतो. विंचेस्टरच्या बिशपच्या इस्टेटीचे हिशेब १२०८-०९ पासून मिळतात आणि ते विंचेस्टर येथील हॅम्पशायर दप्तरखान्यात आहेत. त्यांत गव्हाचे उत्पन्न, मेंढ्यांची संख्या आणि दंडाच्या रकमा सापडतात, घराणे सापडत नाही. उलट मॅनर एखाद्या मध्यम सरदाराचा असेल, तर वंशाचे पुरावे अधिक आणि शेतीचे कमी असतात. काउंटीवरही बरेच अवलंबून आहे. १८९९ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या प्रकल्पात हॅम्पशायरचे काम विसाव्या शतकाच्या आरंभीच पूर्ण झाले, त्यामुळे आपल्या गावाच्या प्रत्येक मॅनरची हस्तांतरे आपल्याला छापील मिळतील. डेव्हनमध्ये घर घेतले असते तर त्या काउंटीचा एकच खंड हाती आला असता. मात्र हा मजकूर वाचताना डोळे तळटीपांवर ठेवा, कारण वरच्या वाक्यापेक्षा खालचा संदर्भक्रमांक अधिक विश्वासार्ह असतो आणि खरा कागद मागवायला तोच उपयोगी पडतो.

आडनाव कसे फसवते, हे सांगण्यासाठी आपल्याच काउंटीतले चॉटनचे उदाहरण घेते. चॉटन हाउसमध्ये सोळाव्या शतकापासून नाइट घराणे नांदत आले, असे वाक्य सर्वत्र वाचायला मिळते आणि ते एका अर्थी खोटेही नाही. पण सर रिचर्ड नाइट १६७९ मध्ये निपुत्रिक वारले. मालमत्ता मार्टिन घराण्यातील आप्ताकडे गेली आणि त्याने नाइट हे नाव घेतले. पुढे ती एलिझाबेथ या बाईंकडे आली. त्यांनी दोन लग्ने केली आणि दोन्ही पतींना नाइट व्हावे लागले. १७३७ मध्ये त्याही निपुत्रिक वारल्यावर केंटमधील टॉमस ब्रॉडनॅक्स हा आप्त वारस ठरला. या गृहस्थांनी एका आप्ताच्या मालमत्तेसाठी १७२७ मध्येच ‘मे’ हे नाव घेतले होते, ते टाकून १७३८ मध्ये त्यांनी ‘नाइट’ घेतले, आणि दोन्ही वेळा पार्लमेंटचा कायदा करून घेतला. यांना हवे ते नाव घेऊ देणारा एकच कायदा करून टाका, असे एका वैतागलेल्या सभासदाने सुचवल्याचे सांगतात. त्यांचे पुत्र टॉमस यांनाही मूल झाले नाही, म्हणून त्यांनी दूरच्या नात्यातील एडवर्ड ऑस्टेन या मुलाला घरात घेतले. हा कादंबरीकार जेन ऑस्टेन यांच्या मोठ्या भावांपैकी एक. १८१२ मध्ये तो सहकुटुंब नाइट झाला.

मराठी वाचकाला येथे दत्तकविधान आठवेल, आणि नेमकी तेथेच चूक होते. इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत कायदेशीर दत्तक अशी गोष्टच नव्हती. एडवर्डला चॉटन मिळाले ते मृत्युपत्राने, पुत्रत्वाने नव्हे. म्हणून पॅरिशच्या बाप्तिस्मा नोंदींत त्याचा शोध ‘नाइट’ म्हणून घेतला तर तो जन्मलाच नाही असे दिसेल. १६७९ पासून १८१२ पर्यंत मूळ नाइटांची पुरुषपरंपरा एकदाही पुढे सरकलेली नाही, आणि तरीही दारावरचे नाव तेच राहिले. मॅनर सलग चालला, वंश चालला नाही. त्यातून १८१४ मध्ये स्थानिक हिंटन कुटुंबाने मालमत्तेवर दावा लावला आणि एडवर्डला मोठी रक्कम देऊन तो मिटवावा लागला. अशा भांडणांबद्दल मी मनातून कृतज्ञ असते. शांतपणे नांदलेली घराणी कागद मागे ठेवत नाहीत. भांडलेल्यांची वंशावळ चान्सरी कोर्टाच्या दाव्यांत शपथेवर लिहिलेली सापडते, फक्त ती दोन्ही पक्षांची वाचावी लागते.

याच कुटुंबाच्या केंटमधील गॉडमर्शमची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. गॉडमर्शम हा मॅनर कँटरबरीच्या मठाचा होता आणि मठ बुडाल्यावर तेथील डीन आणि चॅप्टरकडे, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्माधिकारी मंडळाकडे, गेला. ब्रॉडनॅक्स यांचे घर उभे होते ते त्याच पॅरिशमधील फोर्ड या वेगळ्या जागेवर. गावात सर्वांत मोठा वाडा ज्याचा, तोच मॅनरचा लॉर्ड, असे समजून बसणाऱ्याची येथे फसगत होते. आपल्या गावीही चर्चमधील स्मृतिशिलांचे घराणे आणि १८७१ ची मालकीण एकाच मॅनरची आहेत का, हे आधी तपासा. आडनाव जुळणे हा पुरावा नाही.

आता मागे, सतराव्या शतकापलीकडे. येथे माझा सर्वांत आवडता कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी, ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’. राजाकडून थेट जमीन धरणारा कोणी वारला की राजाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून विचारी: हा कधी वारला, कोणती जमीन कोणाकडून आणि कोणत्या सेवेवर धरून होता, आणि त्याचा जवळचा वारस कोण व किती वयाचा. वारस अज्ञान असेल तर त्याचे पालकत्व राजाकडे जाई आणि विकलेही जाई, म्हणून ही चौकशी इतकी काटेकोर होती. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून १६४० च्या दशकातील यादवी युद्धापर्यंतच्या अशा चौकशा मिळतात. मॅनर, मृत्यूची तारीख आणि बाप-मुलाचे नाते एकाच पानावर देणारा दुसरा कागद मला माहीत नाही. तरी दोन सावधानता हव्यात. ‘वय तीस वर्षे आणि अधिक’ हा पुष्कळदा ठोकळेबाज मजकूर असतो, त्यावरून जन्मसाल काढू नये. आणि ज्याने आपली जमीन मित्रांच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवून दिली होती, तो चौकशीत जवळजवळ निर्धन दिसतो. हा कर चुकवण्याचा मार्ग फार लोकप्रिय होता. मुलगा नसेल आणि मुली असतील, तर सामान्य कायद्याने सर्व मुलींना समान वाटा मिळे आणि मॅनरचे अर्धे, तिहाई असे भाग पडत; त्यामुळे ‘मॅनरचा अर्धा भाग’ असे शब्द दिसले की मागे बहिणी शोधाव्यात.

याच्या जोडीला जमिनीच्या हस्तांतराचे ‘फीट ऑफ फाइन्स’ आहेत, जे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १८३० च्या दशकापर्यंत अखंड चालतात. दिसायला तो दावा असतो, पण बहुतेक वेळा दोन्ही पक्षांनी संगनमताने रचलेला, विक्री किंवा कौटुंबिक व्यवस्था पक्की करण्यासाठी. त्यातील रक्कम खरी किंमत मानू नये. चार्ल्स राजाच्या बाजूने लढलेल्यांची घराणी असतील तर १६४० आणि ५० च्या दशकांतील जप्ती व दंडाचे कागद पाहावेत, कारण दंड कमी व्हावा म्हणून माणसे आपल्या मालमत्तेची आणि कर्जांची फारच तपशीलवार कबुली देत.

छापील वंशावळीविषयी मी थोडी कठोर बोलणार आहे. १५३० पासून १६८८ पर्यंत शाही हेरल्ड, म्हणजे घराण्यांच्या मानचिन्हांची नोंद ठेवणारे राजाचे अधिकारी, काउंटीकाउंटीत फिरून कोणाला चिन्हांकित ढाल वापरण्याचा हक्क आहे हे तपासत आणि त्यासाठी कुटुंबाकडून वंशावळ उतरवून घेत. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या हार्लियन सोसायटीने यांतील पुष्कळ छापल्या आहेत. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंतची माहिती त्यांत साधारण भरवशाची असते, कारण ती आठवणीतली असते. त्याआधीची बऱ्याचदा अभिमानातली असते. एकोणिसाव्या शतकात जॉन बर्क यांनी जमीनदार घराण्यांच्या वंशावळी खंडांत छापायला सुरुवात केली आणि माहिती घराण्यांनीच पुरवली. एडवर्ड फ्रीमन आणि जे. होरेस राउंड या इतिहासकारांनी त्यातील नॉर्मन पूर्वजांची पुढे यथेच्छ खिल्ली उडवली आहे. १०८६ च्या डूम्सडे पुस्तकातील धारकापासून पुरुषपरंपरेने आजवर आले, असे पुराव्यानिशी म्हणता येणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. वॉरिकशायरमधील एटिंग्टनचे शर्ली घराणे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण. त्यामुळे आपला मॅनर १०८६ पर्यंत नेणे बहुधा शक्य आहे, त्या बाईंचे घराणे तेथवर नेणे बहुधा अशक्य आहे.

शिवाय घराणे जुने असेलच असे कशाला? अठराव्या शतकात व्यापाराच्या आणि हिंदुस्थानच्या पैशावर मॅनर विकत घेऊन जमीनदार झालेल्यांची संख्या लहान नाही. १७७१ ते १७८४ मुंबईचे गव्हर्नर असलेले विल्यम हॉर्नबी, ज्यांचे नाव महालक्ष्मी ते वरळीच्या वेलार्डला (समुद्रबांधाला) आणि आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याला होते, ते परतल्यावर आपल्याच हॅम्पशायरमध्ये टिचफील्डजवळ हुक येथे स्थायिक झाले. आपल्या घराण्याचा माग १७५० च्या आसपास अचानक तुटला, तर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदी पाहा. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या नकला तेथे आहेत.

वाचनाच्या अडचणींविषयी दोन शब्द. कोर्ट रोल १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, फक्त १६५१ ते १६६० या प्रजासत्ताकाच्या वर्षांत इंग्रजीत. म्हणून नवख्याने त्या दशकापासून सुरुवात करावी, म्हणजे ठरावीक वाक्ये इंग्रजीत ओळखीची होतात आणि मग लॅटिन अंदाजाने उलगडते. त्या काळचे ‘सेक्रेटरी’ वळण भीतिदायक दिसते, पण मोडी वाचलेल्या डोळ्यांना ते लवकर साधते. मला पुण्यात शिकलेल्या मोडीचा इंग्लंडमध्ये असा उपयोग होईल हे कधी वाटले नव्हते. तारखांनी मात्र मला एकदा चांगलेच फसवले. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १६४८ असे लिहिलेले आपल्या हिशेबाने १६४९ असते. हे माहीत असूनही मी एका अहवालात एका माणसाचा विवाह त्याच्याच दफनानंतर दहा महिन्यांनी लावून दिला होता. ग्राहकाने चूक दाखवली, मी पैसे परत केले, आणि तेव्हापासून प्रत्येक तारीख दोन्ही पद्धतींनी लिहिते.

लॉर्डशिप विकत घेण्याविषयी माझे मत सरळ आहे: कागदांसाठी ती घ्यायची गरज नाही आणि मानासाठी घ्यायची तर फसण्याची तयारी ठेवावी. मॅनरचा लॉर्ड होणे म्हणजे उमराव होणे नव्हे. नावामागे काही जोडण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. लॉर्डशिप आणि जमीन केव्हाच वेगळ्या होऊ शकतात, आणि १३ ऑक्टोबर २००३ पासून लॉर्डशिपची पहिली नोंदणी लँड रजिस्ट्रीत होतच नाही. आधी नोंदलेली नसेल तर विक्रेत्याला हस्तांतरांची साखळी कागदोपत्री दाखवता आली पाहिजे, म्हणजे आपण जो शोध करणार आहात तोच. तो त्याने करून दाखवला नसेल तर तो नेमके काय विकतो आहे, हे त्यालाही माहीत नसावे.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. १८७१ च्या बाईंच्या पतीचे मृत्युपत्र. मग १८७३ च्या जमीनमालकांच्या सरकारी यादीत हॅम्पशायरखाली ते आडनाव आणि एकरांचा आकडा. मग मॅनोरियल रजिस्टर आणि काउंटी इतिहासाच्या तळटीपा. आणि त्यानंतरच पॅरिशच्या नोंदवह्या, ज्या १५३८ पासून सुरू होण्याची आज्ञा असली तरी प्रत्येक गावी तेव्हापासून टिकलेल्या नाहीत. पहिल्या फेरीत १६६० च्या मागे जाऊ नका. विंचेस्टरला जाण्याआधी कागद आगाऊ मागवून ठेवा, पेन घरी ठेवून पेन्सिल न्या, आणि आपली १८७१ ची नक्कलही सोबत घ्या. तिच्यावरील स्टुअर्डचे नाव तेथील कर्मचाऱ्यांना दाखवा, कारण स्टुअर्ड बहुधा गावचा वकील असे, आणि त्याच्या पेढीचे दप्तर जमा झालेले असेल तर आपल्या मॅनरचे उरलेले कागद मॅनरच्या नावाखाली नव्हे, तर त्या पेढीच्या नावाखाली नोंदलेले असण्याची शक्यता आहे.